350झेडचा ठोका, डिफचा बुश आणि पॉली की ॲल्युमिनियम

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा सांगलीचा, राहतो दुबईत. गाडी 2006 ची निसान 350झेड, मॅन्युअल गिअर, हा तिसरा मालक, मीटरवर 1,48,000 किलोमीटर. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना मागून 'ठक्', ॲक्सिलरेटर एकदम सोडला की 'धप्'. पासिंगला नेली तर मागे तेल गळतंय म्हणून परत पाठवली. एका गॅरेजवाल्याने डिफचा (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) बुश, म्हणजे त्याला धरणारी धक्के जिरवणारी रबरी बैठक, गेला असं सांगितलं आणि लगेहात डिफचा बुश ॲल्युमिनियमचा, सबफ्रेमचे (डिफ आणि मागचं सस्पेन्शन धरणारी, बॉडीला खालून बसवलेली चौकट) चारही ॲल्युमिनियमचे, असा अख्खा सेट सुचवला. "दादा, रोज ऑफिसला जबल अलीला जातो, सुट्टीला कधी जेबेल जैसचा घाट, थंडीत दोन-तीन वेळा ऑटोड्रोमच्या रेसिंग ट्रॅकवर ट्रॅक डे. नक्की काय बसवू? आणि काम होईपर्यंत गाडी चालवू का?"

भावा, शारजाच्या सनायात (कारखाने-गॅरेजांच्या भागात) जपानी गाड्यांखाली माझी 19 वर्षं गेली, त्याआधी कोल्हापुरात उद्यमनगरला होतो. तुझ्या गाडीखाली मी गेलेलो नाही, म्हणून काही ऑर्डर करण्याआधी तुलाच थोडं खाली जावं लागेल. या गाडीत मागून ठोका आला की डिफचा बुश, हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघतं. म्हणूनच उरलेल्या वेळी लोक फसतात.

आधी त्या 'तेला'चं बघू. या गाडीचं डिफ तीन जागी धरलेलं असतं. पुढे दोन बोल्ट आणि मागे सबफ्रेमच्या गोल डोळ्यात बसवलेला एक मोठा बुश. हा मागचा बुश साधा रबराचा गोळा नाही, त्याच्या पोटात द्रव भरलेला असतो. रबर चिरलं की तो काळपट द्रव सबफ्रेमवरून ओघळतो, त्यावर इथली धूळ बसते, आणि बघणाऱ्याला वाटतं डिफच गळतंय. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका गाडीचं पिनियन सील (डिफमध्ये शाफ्ट शिरतो तिथलं तेल अडवणारं सील) बदलून मोकळा झालो होतो. आठ दिवसांत गाडी परत, ओघळ जिथल्या तिथे. तेव्हापासून आधी बोट लावून वास घेतो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, सडक्या अंड्यासारखा वास येतो, एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. बुशातल्या द्रवाला तो नसतो. खात्रीच करायची तर गाडी सपाट जमिनीवर उभी करून फिलर प्लग उघड आणि करंगळी आत घाल. ऑइल भोकाच्या काठाला लागलं तर बहुधा डिफ गळत नाहीये. जो काही डाग आहे तो बुशाचा असणार.

मग आवाज. थांबलेली गाडी सुटताना एकदाच 'टिक्' किंवा 'कट्' होत असेल आणि चाकाजवळून येत असेल, तर तो बहुधा एक्सलचा, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा. एक्सल जिथे हबला (चाक बसतं त्या भागाला) टेकतो तिथला पृष्ठभाग कोरडा पडतो, नट खोलून साफ करून ग्रीस लावलं की जातो. याच 'टिक्'साठी बुश बदलून घेतलेले दोन जण माझ्याकडे आले होते. 'ठक्' जर पुढून, पायाखालून येत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बघ. तुझ्या गाडीचं मूळ फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) दोन भागांचं, म्हणजे ड्युअल मास आहे, तेही म्हातारपणी खडखडतं, पण तो आवाज न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्या-सोडल्यावर बदलतो. मागचा बुश क्लचला ओळखत नाही, त्याला फक्त ओढ आणि सोड कळते. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर दाब, सोड, दाब, सोड. दर वेळी सीटच्या मागून जड वस्तू सरकल्यासारखी 'धप्' आली तर आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

शेवटची परीक्षा लिफ्टवर. डिफची शेपटी आणि सबफ्रेम यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा ठेवून टॉमी (लोखंडी पहार) घाल आणि हळू दाब. जिवंत बुश कुरकुरत नाण्याच्या जाडीएवढा हलतो आणि हात काढला की आळसात परत येतो. मेलेला बुश बोटभर हलतो आणि 'चक्' करून परत आपटतो. त्यात मधल्या नळीभोवतीच्या रबराच्या फाकेत टॉर्चचा उजेड आरपार गेला, तर पुढचं वाच. नाही गेला, तर इथेच थांब आणि वरच्या बाकीच्या गोष्टी तपास.

हा बुश एवढा मार का खातो, ते एकदा आकड्यांत बघितलं की पॉली (पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक प्लास्टिक) की ॲल्युमिनियम या वादातली निम्मी हवा जाते. तुझ्या इंजिनाचा टॉर्क 360 न्यूटन मीटरच्या आसपास. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.794, डिफचं 3.538. म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या दांड्यावर) साधारण 1,370 आणि एक्सलवर कागदोपत्री 4,800 च्या वर. टायर एवढं जमिनीवर उतरवू शकत नाहीत, त्याआधीच घसरतात. तरी चांगल्या टायरवर 3,000 न्यूटन मीटर धरायला हरकत नाही. आता चाकं पुढे फिरवायची तर डिफच्या डब्याला कुणीतरी उलट दिशेने धरून ठेवायला हवं. डबा मात्र नाक वर आणि शेपूट खाली करून फिरू बघतो. पुढचे बोल्ट आणि मागचा बुश यांच्यात समजा 40 सेंटिमीटर अंतर धरलं, तर 3,000 भागिले 0.4, म्हणजे 7,500 न्यूटन. पाऊण टन वजन त्या एका बुशावर खालच्या दिशेने. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा ब्रेक लागतो आणि तोच बुश वर ढकलला जातो. हे दर गिअरला, दर सिग्नलला. त्यात इथल्या उन्हाळ्यात वरून 45 अंश, खालून तापलेला डांबर, बाजूने सायलेन्सरचा पाइप. रबर कडक होतं, मग चिरतं. तुझ्या गाडीचा बुश एवढ्या किलोमीटरवर गेला यात नवल नाही, एवढा टिकला याचंच कौतुक.

आत द्रव का घातला असेल? रबराच्या दोन कप्प्यांमध्ये तो द्रव बारीक वाटेने इकडून तिकडे जातो आणि मोठी, संथ हालचाल अंगावर जिरवतो, म्हणजे गाडी सोडता-पकडताना येणारे हेलकावे. बारीक, वेगवान कंपनं मात्र रबर स्वतः मऊ असल्यामुळे गिळतं. कंपनीला एकाच तुकड्यात दोन्ही कामं हवी होती, म्हणून रबर मुद्दाम मऊ आणि पातळ ठेवलं. द्रव गेला की त्या मऊ रबराला कुणाचाच आधार उरत नाही. एक चीर पडल्यावर पुढचं फाटणं भराभर होतं ते यामुळे.

आता तुझा खरा प्रश्न. मी आधी निकाल सांगतो, मग कारणं: मागचा बुश पॉलियुरेथेनचा, पूर्ण बुश, नुसता भरणीचा तुकडा नको. सबफ्रेमचे चार रबराचेच राहू दे. ॲल्युमिनियम कुठेही नको.

ॲल्युमिनियमचा सेट बसवायला गॅरेजवाल्याला सोपा जातो. टर्निंग केलेला गोळा, ठोकला, झालं. कधी फाटत नाही, कधी परत येत नाही. ड्रिफ्टच्या (मुद्दाम मागची चाकं घसरवत चालवायच्या) गाडीला मीही तोच बसवतो, कारण तिथे क्लच मारून चाक सोडलं की त्याच क्षणी मागचा भाग हलायला हवा, आणि आत बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. पण 2014 च्या सुमारास मी एका मित्राच्या झेडला हौसेने ॲल्युमिनियम बसवला. तो रोज शारजातून अबू धाबीला जायचा. मी स्वतः चालवून बघितली होती, गल्लीत, 60 च्या वेगाने, आणि खूश झालो होतो. गिअर कसे लोण्यासारखे पडत होते! नवव्या दिवशी तो आला, गाडी बंद केली आणि म्हणाला, "बायको म्हणते एक तर ही शिट्टी काढ, नाहीतर मी तुझ्या गाडीत बसत नाही." मी त्याच्याबरोबर एमिरेट्स रोडवर गेलो. 90 पर्यंत काही नाही. 95 ला एक बारीक सूर सुरू झाला. 110 ला तो कानात घुसला आणि 120 ला बोलणं अशक्य.

हा सूर येतो कुठून, तेही मोजता येतं. डिफचं 3.538 म्हणजे त्यातल्या मोठ्या दातेरी चाकाला (क्राउनला) 46 दात आणि लहानाला (पिनियनला) 13. 245/45 आर18 चा टायर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरला थोडा कमी जातो, म्हणजे ताशी 100 किलोमीटरला चाक सेकंदाला 13 फेरे मारतं. 13 गुणिले 46, साधारण 600. दर सेकंदाला 600 वेळा दातावर दात येतो. हार्मोनियमवर ऐकू येईल असा हा धड सूर आहे. तो डिफमध्ये आजही वाजतोय, नव्या गाडीतही वाजत होता. रबराने तो सबफ्रेमपर्यंत जाऊच दिला नव्हता. ॲल्युमिनियमने त्याला थेट वाट करून दिली. त्यात 350झेडला मागे डिकी वेगळी नाही. काचेचं झाकण, खाली पत्रा, आणि डिफ बरोबर त्या पत्र्याखाली. तबल्याच्या पुडीवर कुणी बोट घासत बसावं तसा प्रकार. मित्राचा बुश मी पदरमोड करून परत काढला. ठोकून बसवलेला ॲल्युमिनियम बाहेर काढायला बसवण्याच्या तिप्पट वेळ गेला, हेही लक्षात ठेव.

आवाजापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. बुश कडक केला म्हणून धक्का नाहीसा होत नाही, तो पुढच्या मऊ नाहीतर कच्च्या जागी जातो. डिफ घट्ट झालं की एक्सलचे जॉइंट, गिअरबॉक्सचं माउंटिंग, डिफच्या मागच्या झाकणाचा कान (बुशाचा बोल्ट जातो तो भाग) आणि सबफ्रेम, यांतला जो अशक्त असेल तो बोलायला लागतो. जुन्या बीएमडब्ल्यू ई30 चालवणाऱ्यांना विचार. त्यांच्या डिफच्या झाकणाला एकच कान असतो, आणि इंजिन वाढवून जोरात सुटणाऱ्यांचे ते कान तुटलेले मी हातात घेतलेत. ई46 मध्ये तर सबफ्रेम जिथे बॉडीला बसतो तिथला पत्राच तडकतो, ते दुखणं गाडीवाल्यांच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. झेडची बॉडी त्या मानाने दणकट आहे. तरी एवढ्या जुन्या गाडीत कुठली वेल्डिंग किती थकली आहे हे वरून दिसत नाही, आणि आधीच्या दोन मालकांनी तिला कुठे कुठे आपटलं ते आपल्याला माहीत नाही. म्हणून माझी पद्धत एका वेळी एकच पायरी चढायची. जिथे फाटलंय तिथे थोडं कडक, बाकी होतं तसं. हजार-दोन हजार किलोमीटर चालव, मग बघू कोण तक्रार करतं.

सबफ्रेमच्या बुशांबद्दल लोक म्हणतात, डिफ कडक आणि सबफ्रेम मऊ, हा अर्धवटपणा झाला. मला तसं वाटत नाही. डिफ सबफ्रेममध्ये नीट धरलं आणि सबफ्रेम रबरावर राहिला, तर आवाजाला अजून एक गाळणी शिल्लक राहते. उलटं केलं, म्हणजे सबफ्रेम ॲल्युमिनियमवर आणि डिफचा बुश फाटका, तर ठोका तसाच आणि वर रस्त्याचा सगळा खडखडाट आत. तसल्याही गाड्या येतात. ट्रॅकवर मागचा भाग वळणात सरकल्यासारखा वाटत असेल तर आधी चाकांचं अलाइनमेंट आणि मागच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश बघायचे, सबफ्रेम सगळ्यात शेवटी. चाकं जागच्या जागी उड्या मारण्याचा त्रास असेल तर त्यात डिफच्या बुशाचा वाटा असतो, पण टायर, शॉक आणि आर्म यांचाही तेवढाच असतो. तो एकट्या बुशाने जाईल असं वचन देणाऱ्यापासून लांब राहा.

नुसती भरणी का नको? पॉलीचे चकतीसारखे तुकडे मिळतात, ते जुन्या बुशाच्या फटीत दाबून बसतात. बुश शाबूत असताना ते छान काम करतात. तुझा फाटलाय. फाटलेल्या रबराला दोन्ही बाजूंनी पाचर मारली तर काही महिने गप्प बसेल आणि मग मधली नळी तिरकी होऊन डिफच वाकडं धरेल. काही जण काच चिकटवायचं युरेथेन पिचकारीने बुशाच्या पोकळीत भरतात. उघड्या पोकळीच्या बुशात ही युक्ती खरंच चालते, मी माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत केली आहे. पण द्रव सांडलेल्या, तेलकट झालेल्या बुशात ते चिकटत नाही.

पॉलीमध्येही कडकपणाचे प्रकार आहेत. शोर ए या मापात रबराचे बुश साधारण 50 ते 60, पॉलीचे 70 पासून 95 पर्यंत. तुझ्यासाठी 75 ते 85 च्या मधला घे. 95 चा पॉली आणि ॲल्युमिनियम यांतला फरक हायवेवर बायकोला कळत नाही. 80 चा बसवलास तर 110 च्या पुढे सूर किंचित येईल, रेडिओ बंद असताना. पहिल्या आठवड्यात तुझं सगळं लक्ष तिकडेच असेल, मग विसरशील.

आता बसवण्याबद्दल. ब्रँडवरून भांडणारे खूप भेटतात, पण मी बघितलेले फसलेले पॉली बुश सगळे बसवणाऱ्याच्या चुकीने फसलेले होते. त्यामुळे तू काम कुणाकडूनही करून घे, पण हे चार क्षण स्वतः उभा राहून बघ.

पहिला, जुना बुश काढताना. आगीने रबर जाळून काढणारे महाभाग इथे भरपूर आहेत. सबफ्रेम गाडीबाहेर टेबलावर असेल तर एक वेळ ठीक, तरी तो धूर विषारीच. गाडीखाली मात्र गॅसची टॉर्च पेटलेली दिसली की सरळ काम थांबव, कारण पेट्रोलची टाकी तिथून हाताच्या अंतरावर आहे. बरोबर रीत कंटाळवाणी आहे. डिफ उतरवायचं, लांब ड्रिलने रबरात गोलाकार भोकं पाडत जायचं, मधली नळी ठोकून काढायची. मग किट बघायचं. काही किटमध्ये जुन्या बुशाचं बाहेरचं कवच ठेवायचं असतं, काहींत तेही काढायचं असतं. कवच काढायचं असेल तर हॅक्सॉचं पातं उलटं घालून आतून दोन चिरा द्यायच्या आणि छिन्नीने कवच आत वळवायचं. इथे हात थरथरला आणि पातं सबफ्रेमच्या डोळ्यात अर्धा मिलिमीटर जरी घुसलं, तरी उद्याची चीर तिथूनच सुरू होणार. मी शेवटचा कागदाएवढा थर कधी कापत नाही, तो छिन्नीच्या टोकाने आपोआप फाटतो.

दुसरा, डिफ उतरताना. खाली ट्रान्समिशन जॅक हवा, एकट्याने छातीवर घेण्याचं ते वजन नाही. आणि तुझा प्रोपेलर शाफ्ट कार्बन फायबरचा, एकसंध आहे. तो पाना लावून अडवायचा नाही, एका टोकाने लोंबकळत सोडायचा नाही, त्यावर हातोडी पडू द्यायची नाही. लोखंडाच्या शाफ्टला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनला आत इजा होते आणि ती दिसत नाही. खोलण्याआधी फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची खूण करून घ्यायची, म्हणजे परत त्याच जागी बसेल.

तिसरा क्षण सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा. पॉलीचा बुश दोन तुकड्यांत येतो, मध्ये स्टीलची नळी. बसवून झाल्यावर नळीचं टोक पॉलीच्या तोंडाच्या किंचित वर यायला हवं, नखाला लागेल एवढं. कारण बोल्ट आवळला की त्याचा सगळा दाब स्टीलच्या नळीवर यायला हवा आणि पॉली मोकळा राहायला हवा. गेल्या उन्हाळ्यात एक झेड आली, दुसरीकडे नवा पॉली टाकलेला, ठोका मात्र जुन्यापेक्षा मोठा. बघतो तर नळी पॉलीच्या आत दबलेली. कुणीतरी डोळ्याची कड नीट साफ न करता बुश बसवला होता, तो पूर्ण आत गेलाच नव्हता. बोल्ट टॉर्क पान्याने बरोबर आवळला होता, पण पॉलीवर. आठवडाभरात पॉली दबला, बोल्ट सैल झाला, आणि डिफ त्यावर घोड्यासारखं नाचायला लागलं. आटे इतके ताणले गेले होते की बोल्ट फेकावाच लागला. म्हणून नख फिरव. नळी लागली नाही तर आवळू देऊ नकोस.

चौथा, ग्रीस. पॉली रबरासारखा नळीला चिकटलेला नसतो, तो तिच्यावर घासतो. किटबरोबर आलेलं पांढरं चिकट सिलिकॉनचं ग्रीस नळीला आणि बाहेरून सढळ हाताने लाव. साधं काळं ग्रीस लावलं तर महिन्याभरात जुन्या दाराच्या बिजागरीसारखं करकरेल. बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी हवी असा नियम आर्मच्या रबरी बुशांसाठी आहे. इथे त्याची गरज नाही, डिफ चाकाबरोबर वरखाली होत नाही. ऑइल नवीन भरून घे, तुझ्या व्हिस्कस एलएसडीसाठी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणाऱ्या डिफसाठी) जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल, साधारण 1.4 लिटर, भोकातून बाहेर येईपर्यंत. 500 किलोमीटरवर तिन्ही बोल्ट पुन्हा तपासून घे.

तू शेवटी एक ओळ लिहिली आहेस की गावाकडे भाऊ लेथवर आहे, त्याच्याकडून पॉलीचा रॉड आणून बुश बनवला तर? होऊ शकतं. उद्यमनगरात याहून अवघड कामं रोज होतात, आणि पुण्यातल्या एका 370झेडसाठी (350झेडनंतरचं मॉडेल) मी तिथल्याच एका जुन्या सोबत्याकडून असा बुश करून घेतलाय. 370झेड भारतात अधिकृत विकली गेली तेव्हाच्या गाड्यांनाही आता हीच गळती लागते. पण त्याचं मापच दोनदा चुकलं. पॉली टूलखाली दबतो, कापताना तापतो, तापला की फुगतो. लेथवर 0.2 मिलिमीटरच्या आत बरोबर आलेलं माप थंड झाल्यावर कमी भरतं. त्या सोबत्याने तिसऱ्यांदा रॉड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, धारदार टूलने बारीक काप घेतले आणि माप दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं, तेव्हा बसला. आणि रॉड विकत घेताना पॉलिएस्टर की पॉलिईथर हे विचारायला सांग. पॉलिएस्टर जातीचा युरेथेन दमट हवेत हळूहळू कुजतो, चुरा होतो. इथली समुद्रकाठची दमट हवा असो की कोकणातला पावसाळा, तिथे पॉलिईथरच. दुकानदाराला माहीत नसेल तर त्या दुकानातून घेऊ नको. खरं सांगायचं तर दुबईत बसून एका बुशासाठी एवढा खटाटोप मी करणार नाही, तयार किट घेईन. पैसे बुशाला कमी आणि मजुरीला जास्त जातात, मग बुशात काटकसर करून काय मिळवायचं?

मजुरीवरून आठवलं, डिफ खाली आहेच तर पिनियन आणि बाजूची सील हाताने हलवून बघायला सांग, ओली असतील तर त्याच वेळी बदल. एक्सलच्या जॉइंटवरचे रबरी बूटही तेव्हाच बघ. नंतर याच कामासाठी पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे दुप्पट पैसे.

काम होईपर्यंत चालव, ऑफिसला, शांतपणे. गिअर टाकताना क्लच एकदम सोडू नकोस, ॲक्सिलरेटर झटक्याने सोडू नकोस. तीन जागी धरलेलं डिफ लगेच खाली पडत नाही, पण प्रत्येक धक्क्याला प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट वाकड्या कोनात काम करतात आणि सायलेन्सरच्या पाइपला डिफ टेकलं तर वेगळाच आवाज सुरू होईल. जेबेल जैस बंद. ट्रॅक डे तर नाहीच, तिथे डिफ हललं तर नुकसान तुझ्या एकट्याचं होणार नाही, मागून येणाऱ्यालाही भोगावं लागेल. पासिंगची मुदत जवळ असेल तर सबफ्रेम नीट धुऊन, पुसून ने आणि मगाचा ऑइल लेव्हलचा प्रकार तपासणीवाल्यासमोर करून दाखव. काही जण ऐकतात, काही ऐकत नाहीत. नाही ऐकलं तर काम आठवडाभर अलीकडे ओढ, एवढंच.